प्राण्यांच्या शेल्टरला पहिल्यांदा येताय? गेटपासून नव्या घरापर्यंत काय काय होतं ते वाचून या

दर रविवारी आमच्याकडे दोन-चार नवीन चेहरे असतातच. कॉलेजची मुलं, नुकतेच रिटायर झालेले एखादे काका, पिल्लू न्यायला आलेलं कुटुंब, आणि कोणीतरी पिशवीत मांजराची पिल्लं घेऊन गेटवर उभं असतं. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. आमचं शेल्टर छोटं आहे, पुण्याच्या बाहेर, पत्र्याची शेड, काही पिंजरे, मांजरांची एक खोली आणि लोकवर्गणीवर चालणारा खर्च. मोठी शेल्टर वेगळी असतात, मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट हे प्राण्यांचं हॉस्पिटल १८८३ पासून आहे, तिथला पसारा आमच्या दहापट. पण क्रम सगळीकडे साधारण हाच असतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. शेल्टर म्हणजे प्राण्याचं घर नव्हे, थांबा आहे. जिथून तो परत येणार नाही असं घर शोधायचं हे आमचं खरं काम, आणि खाली जे काही नियम दिसतील ते सगळे त्याच्यासाठीच आहेत.

आणण्याआधी फोन करा

मांजराची पिल्लं एकटी दिसली की लगेच उचलू नका प्लीज. आई खायला शोधायला गेलेली असते, लांब उभं राहून दोन-तीन तास बघा, तुम्ही जवळ असाल तर ती येणारच नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण मांजर बहुतेक वेळा परत घेते, तेव्हा चुकून उचललं असेल तर जिथून उचललं तिथेच ठेवा. पिल्लू गार पडलंय, भिजलंय, सतत ओरडतंय किंवा जखम आहे, तर मात्र थांबू नका, लगेच कपड्यात गुंडाळून आणा.

दुसरं म्हणजे धडधाकट भटका कुत्रा. बिचारा उन्हात बसलाय म्हणून गाडीत घालून आणतात. त्याला त्याची गल्ली आहे, चहावाला आहे, बिस्किट देणाऱ्या आजी आहेत, आमच्याकडे त्याला पिंजरा मिळणार. २०२३ चे अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोलचे नियम पण हेच सांगतात, की रस्त्यावरचा कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा. कानाला छोटी खाच दिसली की समजायचं याची नसबंदी झालीये. त्याला उचलून जागा मोकळी केली की शेजारच्या गल्लीतले न टोचलेले कुत्रे येऊन बसतात, म्हणजे प्रश्न वाढतोच. आणायचा तो जखमी, आजारी, आई नसलेलं लहान पिल्लू, किंवा गळ्यात पट्टा असलेला हरवलेला पाळीव प्राणी. शेवटच्या प्रकारात आधी जवळच्या क्लिनिकमध्ये नेऊन मायक्रोचिप स्कॅन करून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, त्यात १५ अंकी नंबर असतो, नोंदणी नीट केलेली असेल तर मालक त्याच दिवशी सापडतो.

गेटवर: नोंद, आणि ओरडायचं नाही

प्राणी आत घेताना रजिस्टरमध्ये लिहायचं, कुठे सापडला, कधी, कोणी आणला, फोटो, आणि मागच्या दहा दिवसांत कोणाला चावला का. हा शेवटचा प्रश्न दोनदा विचारा. लोक लपवतात कारण त्यांना वाटतं की खरं सांगितलं तर घेणार नाहीत. पण चावलेल्या कुत्र्याला १० दिवस वेगळं ठेवून लक्ष ठेवावं लागतं, तेवढ्यासाठी ते कळणं जरुरीचं आहे.

आता जे स्वतःचाच पाळीव प्राणी सोडायला येतात त्यांच्याबद्दल. नवीन व्हॉलंटियरचा इथे हमखास तोल जातो, आठ वर्षांचा लॅब्रेडॉर, कंबर धरलेली, मालक म्हणतोय बदली झाली, आणि तो कुत्रा मालकाच्या गाडीकडे बघत बसलेला. राग येतोच, मलाही येतो. तरी ओरडायचं नाही. कारण एकाला ओरडलं की ते कानोकानी होतं, आणि पुढचा माणूस आत येतच नाही, रात्री गेटला बांधून जातो किंवा हायवेला सोडतो. असं उपाशी मरायला सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, ते शांतपणे सांगा. मग बसवा, पाणी द्या, आणि कारण विचारा, कारण बऱ्याचदा ते सुटण्यासारखं असतं.

सोसायटीने नोटीस दिली? अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, त्याची प्रिंट आम्ही ऑफिसात ठेवलीये, ती हातात द्या. घरात सून गरोदर आहे आणि मांजर काढायला सांगितलंय, हे तर महिन्यातून एकदा येतं. भीती टॉक्सोप्लाझ्मोसिसची असते, म्हणजे मांजरातून होऊ शकणारा आणि पोटातल्या बाळाला धोका असलेला संसर्ग, आणि ती उगाच नाही. पण मांजराच्या शीमधून तो जंतू बाहेर पडला तरी संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो, म्हणजे लिटर (मांजराचा शी-शूचा ट्रे) रोजच्या रोज घरातल्या दुसऱ्या कोणी साफ केलं, मांजराला कच्चं मांस दिलं नाही, आणि सुनेने भाज्या नीट धुऊन, मांस नीट शिजवून खाल्लं, तर मांजर घरात राहू शकतं. डॉक्टरांशी बोला म्हणायचं आणि हे समजावायचं. कितीतरी मांजरं अशी गेटवरूनच आपल्या घरी परत गेलीयेत.

पहिले १४ दिवस: वेगळं ठेवणं

नवीन आलेला प्राणी कितीही ठणठणीत दिसला तरी दोन आठवडे वेगळ्या खोलीत. नवीन लोकांना हे फार कठोर वाटतं, एवढंसं पिल्लू एकटं रडतंय, इतरांमध्ये सोडा ना. नाही सोडायचं. पार्व्हो नावाचा आजार आहे, पिल्लाला रक्ताची हगवण आणि उलट्या लागतात आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधी जास्त, म्हणजे आज उड्या मारणारं पिल्लू आतून आजारी असू शकतं. आणि तो विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो.

एका पावसाळ्यात आमच्याकडे एक जण आजारी पिल्लाच्या खोलीतून त्याच चपलांनी मोठ्या शेडमध्ये गेला. आठवड्यात सहा पिल्लं गेली. सगळ्यात शेवटी गेलं त्याला मी मांडीवर घेऊन बसले होते, सलाईन चालू होतं, शेपटीचं टोक एकदा हललं आणि थांबलं. तेव्हापासून त्या खोलीच्या दाराशी वेगळे गमबूट आहेत आणि ते घातल्याशिवाय कोणीही आत जात नाही, डॉक्टरसुद्धा.

साफसफाईचा क्रम पाठ करा. आधी निरोगी पिल्लं, मग मोठे निरोगी, मग वेगळं ठेवलेले, आणि शेवटी आजारी. उलटं कधीच नाही, आणि मध्येच काहीतरी विसरलं म्हणून परतही जायचं नाही. आधी शी आणि घाण पूर्ण उचलायची, साबणाच्या पाण्याने घासायचं, मग ब्लीच, साधारण एक भाग ब्लीच ३० भाग पाणी, ते दहा मिनिटं तसंच ओलं राहू द्यायचं आणि मग धुऊन टाकायचं. घाणीवर ब्लीच ओतून काही उपयोग होत नाही. ब्लीचमध्ये टॉयलेटचं अ‍ॅसिड वगैरे मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि फिनाईल आणू नका, लोक प्रेमाने पाच-पाच लिटरचे कॅन आणून देतात, पण पार्व्होवर त्याचा भरवसा नाही आणि मांजरांना तर ते विषारी आहे, फिनाईल पुसलेल्या फरशीवरून चालतात, पाय चाटतात, आणि त्यांचं लिव्हर ते पचवू शकत नाही.

याच दिवसांत डॉक्टर तपासतात, गोचिडी-पिसवा काढल्या जातात, जंताचं औषध होतं आणि लसी सुरू होतात. कुत्र्याच्या पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांचं असताना पहिली एकत्रित लस, मग ते साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि ३ महिन्यांचं झाल्यावर रेबीज. मांजराचं पण असंच, लस फक्त वेगळी. नसबंदी आमच्याकडे साधारण ६ महिन्यांनंतर करतात. औषध स्वतःच्या मनाने कोणी काहीही द्यायचं नाही, ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल मांजराला दिली तर अर्ध्या गोळीतसुद्धा मांजर दगावतं.

बाटलीवरची पिल्लं

उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत मांजराची पिल्लं नुसती येत असतात आणि डोळे न उघडलेलं पिल्लू सांभाळायला माणूस कमी पडतो. शिकायला सोपं आहे पण क्रम चुकला की पिल्लू जातं.

हातात घेतल्यावर आधी तोंडात बोट घालून बघा. तोंड गार लागलं तर दूध अजिबात नाही, गार पिल्लू दूध पचवू शकत नाही. बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवायची, हळूहळू ऊब आली, ते वळवळायला लागलं की मग दूध. गाईचं नाही, म्हशीचं तर नाहीच, मांजराच्या पिल्लांसाठीची पावडर मिळते ती. पाजताना पोटावर ठेवायचं, आईजवळ पितात तसं, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि जे कोणालाच माहीत नसतं ते हे, की इतकं लहान पिल्लू स्वतःहून शू-शी करू शकत नाही. आई चाटते तेव्हा होतं. आपण कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हलक्या हाताने फिरवायचा, प्रत्येक वेळी पाजण्याच्या आधी किंवा नंतर.

जन्मताना पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि रोज १० ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरतो आम्ही. वाढ थांबली की दुसरं काही दिसायची वाट बघायची नाही, डॉक्टरांना फोन.

स्वतःची काळजी

कामाला लागण्याआधी रेबीजचे आगाऊ डोस घ्या. ३ असतात, ० व्या, ७ व्या आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. हे न घेतलेल्या माणसाला आम्ही कुत्र्यांना हात लावू देत नाही, मग तो कितीही प्राणीप्रेमी असो, त्याने तांदूळ निवडावेत, फोन घ्यावेत, फोटो काढावेत, कामं भरपूर आहेत. चावलं किंवा ओरखडलं तर लगेच वाहत्या नळाखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, गावाकडे अजून लावतात. आणि आगाऊ डोस झालेले असले तरी त्याच दिवशी दवाखाना, तिथे पुढचे डोस ठरवतात. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही, म्हणून इथे 'बघू उद्या' चालत नाही.

पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) पसरतो, तेव्हा पाणी साचलेलं असताना गमबूट आणि ग्लोव्ह्ज पाहिजेतच. मांजराच्या पिल्लांकडून गजकर्ण पण होतं, भयंकर काही नाही पण खाज सुटली तर दाखवा.

स्वभाव कळायला वेळ लागतो

काळी नावाची आमची एक कुत्री होती. गावठी, काळीकुळीट, साधारण तीन वर्षांची, मागच्या पायाला गाडीचा धक्का लागलेली. पहिले नऊ दिवस ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. कोणी समोर असेपर्यंत खायची नाही, रात्री वाटी रिकामी व्हायची एवढंच. आमचे एक निवृत्त शिक्षक काका रोज येऊन पिंजऱ्याबाहेर पाठ करून खुर्चीवर बसायचे आणि पेपर मोठ्याने वाचायचे, तिच्याकडे बघायचे पण नाहीत. दहाव्या दिवशी ती उठली आणि जाळीतून काकांच्या सदऱ्याचं टोक हुंगलं.

हेच करायचं असतं. समोरून चालत जाऊन डोक्यावर हात ठेवायचा नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही, तिरकं बसायचं, हात खाली, आणि वाट बघायची. मग नोंदी करायच्या, पुरुषांना घाबरते का, वाटीजवळ गेलं की गुरगुरते का, मांजर बघून कशी वागते, पट्ट्यावर चालते का. ह्या नोंदी घर देताना सोन्यासारख्या असतात आणि त्यात गोड लिहायचं नाही. गुरगुरते तर गुरगुरते असंच लिहायचं.

घर देणं

पिल्लं पटकन जातात. मोठे राहतात, काळ्या रंगाचे राहतात, आणि मादी तर लोक सरळ नको म्हणतात, पिल्लं घालेल म्हणून. नसबंदी झालेली असते हो! आमच्याकडून मोठ्या जनावराचं सगळं करूनच देतात, मग नर काय आणि मादी काय. उलट पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी मोठाच घ्या म्हणते, स्वभाव कळलेला असतो, चपला कुरतडायचं वय गेलेलं असतं.

घ्यायला आलात तर फॉर्म भरावा लागेल, ओळखपत्र, पत्ता, आणि बरेच प्रश्न. घर भाड्याचं आहे का, मालकाची परवानगी लेखी आहे का. दिवसात किती तास कोणी घरी नसतं. मे महिन्यात गावाला जाता तेव्हा कोण बघणार. घरातल्या सगळ्यांना हवंय का, आणि ह्याचं उत्तर आम्ही सगळ्यांच्या तोंडून ऐकतो, कारण नको असलेलं माणूस बहुतेक दिवसभर घरी असणारंच असतं. पुढे १०-१२ वर्षांचा खर्च, लसी, आजारपण. लोकांना राग येतो, फुकट कुत्रं देताय आणि चौकशी स्थळ बघायला आल्यासारखी करताय. मी म्हणते तसंच समजा, आम्ही मुलीकडचे आहोत.

मग घर बघायला दोघं जण येतात. तुमचा सोफा बघायला नाही. मांजर असेल तर खिडक्या आणि बाल्कनीला जाळी आहे का, एवढं आधी. मांजर उंचावरून पडलं तरी काही होत नाही हे चूक आहे, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडलेली मांजरं आम्ही जबडा आणि पाय मोडलेली उचललीयेत. जाळी नाही तर मांजर नाही, त्यात सूट नाही. कुत्र्यासाठी गेट, कंपाऊंड, आणि साखळीला बांधून ठेवायचा विचार आहे का ते. वॉचमन म्हणून शेतावर बांधायला कुत्रा आम्ही देत नाही.

दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत मोठा कुत्रा द्यायचा नाही हा पण नियम आहे. नवीन घर, त्यात फटाके, दार उघडं राहिलं की जीव घेऊन पळतो आणि त्याला परतीचा रस्ता माहीत नसतो.

घरी नेल्यावर

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशोब ठेवा. पहिले तीन दिवस घाबरलेला, खाणार नाही, पलंगाखाली बसेल. तीन आठवड्यांत घराचं रुटीन कळतं आणि तेव्हाच खरे स्वभाव बाहेर येतात, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात 'आधी शहाणा होता आता भुंकतो' असे फोन येतात ते नॉर्मल आहे. घर आपलं वाटायला तीन महिने.

पहिल्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका, अंघोळ घालू नका, शेजारच्यांच्या हातात देऊ नका. कुत्र्याला बाहेर नेताना पट्टा नीट घट्ट बघा, दोन बोटं जातील एवढाच सैल, आणि जमलं तर हार्नेसला (छातीभोवती बांधतात तो) दुसरा पट्टा. बहुतेक कुत्री पहिल्या काही दिवसांतच सुटतात, गाडीचं दार उघडताना किंवा कचरेवाल्याला दार उघडताना. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला पहिल्या मिनिटापासून. मांजर एका खोलीत ठेवा, लिटर एका कोपऱ्यात, पाणी दुसऱ्या, सगळं घर एकदम दाखवू नका.

खाणं एकदम बदलू नका, इथे जे खात होता तेच आठवडाभर, मग हळूहळू. भात-चिकन, उकडलेलं अंडं चालतं, पण बिनमसाल्याचं. कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षं-मनुका नाही. शिऱ्यात मनुका असतात हे लोकांच्या लक्षात येत नाही, प्रसाद म्हणून देतात. घरात आधीचा कुत्रा असेल तर भेट घरात नको, बाहेर रस्त्यावर, दोघांना पट्ट्यावर थोडं अंतर ठेवून सोबत चालवा. आणि महापालिकेचा परवाना काढून घ्या, त्यासाठी रेबीजचं सर्टिफिकेट लागतं, ते आम्ही फाईलमध्ये दिलेलं असतं.

आम्ही तिसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी आणि महिन्याने फोन करतो, व्हिडिओ मागतो. फोन उचला. आणि नाहीच जमलं तर आम्हालाच परत द्या, फॉर्मवर सही याच्यासाठीच घेतो. दुसऱ्या कोणाला परस्पर देऊ नका. काळी पण एकदा परत आलीये, पहिल्या घरी आजोबांना चालायला त्रास होता आणि ती पट्टा ओढायची, त्यांनी अकराव्या दिवशी स्वतः आणून दिली, रडत होते. चूक आमची, नोंदवहीत 'ओढते' लिहिलेलं होतं आणि आम्ही जुळवून बघितलं नव्हतं. दुसरं घर तिला पाच महिन्यांनी मिळालं, आता ती एका शिंपीकाम करणाऱ्या ताईंच्या मशीनखाली झोपते, गेल्या महिन्यात व्हिडिओ आला त्यात मशीन चालू होतं आणि हिला ढिम्म जाग नाही.

येताना जुने वर्तमानपत्र, चादरी, टॉवेल, स्टीलच्या वाट्या, साधा तांदूळ यातलं काहीही आणलं तर उपयोगी पडतं. उशा-गाद्या नको, फाडून कापूस गिळतात. सकाळी साडेसातला या, बंद बूट घालून, ओढणी-स्कार्फ नको. पहिला अर्धा तास कोणालाच हात लावायचा नाही, फक्त फिरून बघायचं की कोणी रात्रीचं खाल्लं नाही, कोणाची शी पातळ आहे, कोण रोजच्यासारखं उठून आलं नाही, आणि ते ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लिहायचं. मग झाडू.